तऱ्हाळ्याच्या नाण्यांचे घर

आसेगाव व तऱ्हाळा ही दोन्ही गावे वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडत असे. वऱ्हाडच्या या कोपऱ्याने १९३९ या एकाच वर्षी प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासाला दोन मोलाची साधने दिली. त्यांपैकी एक म्हणजे वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा वाशीम येथे मिळालेला ताम्रपट, आणि दुसरे म्हणजे तऱ्हाळा येथे सापडलेला सातवाहन नाण्यांचा निधी. ताम्रपटाने वाकाटकांच्या एका अज्ञात शाखेचे अस्तित्व सिद्ध केले, म्हणून त्याचा बोलबाला अधिक झाला. निधीची चर्चा मुख्यतः नाणकशास्त्राच्या अभ्यासकांपुरती मर्यादित राहिली. या दोन साधनांत एक भेद मात्र आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे. ताम्रपट वत्सगुल्म येथून दिला असे त्यातच म्हटले आहे. तो आपले घर स्वतःच सांगतो. तऱ्हाळ्याचे नाणे आपल्या राजाचे नाव सांगते, पण ते कोणत्या गावी आणि कोणाच्या हातून पडले याविषयी मौन पाळते. हे मौन कितपत फोडता येईल याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

निधीतील नाणी दीड हजारांहून अधिक असून ती सर्व पोटीन या मिश्रधातूची आहेत. तांब्यात कथील व शिसे मिसळून ही धातू तयार होते. ती दिसावयास मळकट आणि स्वभावाने ठिसूळ असते. नाण्याच्या एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती व त्याच्या भोवती ब्राह्मी लिपीतील प्राकृत अक्षरे, आणि दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह या नावाने ओळखले जाणारे चार वर्तुळांचे चिन्ह आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ही नाणी तपासून १९४० साली भारतीय नाणकपरिषदेच्या नियतकालिकात त्यांचे विवेचन प्रसिद्ध केले. काम सोपे नव्हते. पुष्कळ नाण्यांवर राजनामाचा काही भागच उतरला आहे. एका नाण्यावर आरंभीची दोन अक्षरे, तर दुसऱ्यावर शेवटची तीन, अशा रीतीने तुकडा तुकडा जुळवून पूर्ण नाव सिद्ध करावे लागते. या जुळणीतून सातकर्णी, पुळुमावी, स्कंद, यज्ञ व विजय ही पुराणांना परिचित असलेली नावे तर मिळालीच, पण त्यांच्या जोडीला कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी ही तीन नवी नावे हाती आली. पुराणांतील आंध्र राजांच्या याद्यांत या तिघांचा पत्ता नाही, आणि कोणत्याही लेण्यात त्यांचा लेख नाही.

टांकसाळीच्या स्थानाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो या तीन नावांमुळे. ज्या राजाचे नाव केवळ नाण्यावर आढळते त्याच्या राज्याचा विस्तार ठरविण्यास नाण्यावाचून अन्य साधन नसते. पुराणांच्या यादीत यज्ञश्रीनंतर विजय, चंडश्री व पुलोमा येतात आणि वंश समाप्त होतो. कुंभ, कर्ण व शक हे त्याच काळात विदर्भावर स्वतंत्रपणे राज्य करणाऱ्या एखाद्या शाखेचे पुरुष असतील, तर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात वाकाटकांचा उदय होण्यापूर्वी विदर्भात एक लहानसे सातवाहन राज्य नांदत होते असे म्हणावे लागेल. नाणी अन्यत्र पडून व्यापाऱ्यांच्या कमरेच्या कशातून इकडे आली असतील, तर हे अनुमान ढासळते. म्हणजे नाणे पाडणाऱ्याचे घर कोठे होते या प्रश्नावर एका राजवंशाचा शेवटचा अध्याय अवलंबून आहे.

नाण्यांचा निधी जेथे सापडतो तेथे टांकसाळ होती असे मात्र कोणी समजू नये. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते, आणि त्या निमित्ताने निधी जेथे मिळाला त्या गावाचे नाव कायमचे त्याला चिकटते. तऱ्हाळ्याचा निधी, जोगळटेंभीचा निधी, ही नावे अशीच पडली आहेत. जोगळटेंभी या नाशिक जिल्ह्यातील खेड्यात १९०६ साली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. त्या खेड्यात एवढी नाणी कोणी पाडली नाहीत, आणि पुन्हा ठोकलीही नसतील. पुरलेला निधी हे धन्याच्या भीतीचे स्थान आहे. कारागिराच्या कामाचे नव्हे. शत्रू येतो, दुष्काळ पडतो, घरधनी परगावी जातो, आणि हंडा जमिनीत राहून जातो. तो हंडा आपल्याला मालकाच्या घराजवळ नेऊन सोडतो, सोनाराच्या घरापर्यंत नेत नाही.

असे असले तरी हंडा अगदीच निरुपयोगी नाही. सोन्याचे नाणे रोमहून निघून दक्षिण भारताच्या गावापर्यंत चालत येते, कारण त्याचे मोल धातूत आहे. पोटीनच्या नाण्याचे मोल धातूत फारसे नाही. ते घेणाऱ्याच्या विश्वासात आहे. ज्या बाजारात ते ओळखीचे आहे तेथे त्याच्या बदल्यात जोंधळे मिळतात. चार मजला पलीकडे वाणी ते परत करतो. अशी नाणी एखाद्या ठिकाणी हजारांनी सापडली तर त्यांच्या चलनाचा प्रदेश फार दूर असू शकत नाही. ई. जे. रॅप्सन यांनी १९०८ साली ब्रिटिश म्युझियममधील आंध्र व क्षत्रप नाण्यांची सूची केली, तेव्हा त्यांनी हेच तत्त्व वापरून नाण्यांची घडण व प्रदेश यांची सांगड घातली, आणि पोटीनची हत्तीछाप नाणी चांदा जिल्ह्याच्या घडणीची म्हणून वेगळी काढली. चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर. त्या भागात एकोणिसाव्या शतकातच या प्रकारच्या नाण्यांचा एक निधी मिळाला होता. रॅप्सन यांनी चांद्याच्या काही नाण्यांवर कृष्ण सातकर्णी असे नाव वाचले होते. तऱ्हाळ्याची स्पष्ट नाणी हाती आल्यावर तेथे कृष्ण नसून कर्ण आहे असे मिराशी यांनी प्रतिपादन केले. एका अक्षराच्या या दुरुस्तीने फार मोठे काम केले. चांदा विदर्भाच्या पूर्व टोकास आणि तऱ्हाळा पश्चिम टोकास. दोन्ही ठिकाणी एकच घडण, एकच छाप आणि पुराणांना अज्ञात असा एकच राजा. विदर्भाबाहेरून आलेल्या नाण्यांच्या बाबतीत असा योगायोग सहसा घडत नाही. हे नाणे विदर्भात चालत होते एवढे यावरून निश्चितपणे म्हणता येते, आणि ते विदर्भातच पडत होते हे बहुतेक निश्चित म्हणावयास हरकत नाही.

येथून पुढे मात्र अभ्यासकाची वाट निसरडी होते. एक छाप, म्हणून एक टांकसाळ, असे समीकरण मांडण्याचा मोह पडतो. मराठ्यांच्या नाण्यांचा ज्यांना परिचय आहे ते या मोहाला बळी पडणार नाहीत. शिवराई हे तांब्याचे नाणे शिवछत्रपतींनी सुरू केले. एका बाजूस श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूस छत्रपति ही अक्षरे त्यावर असत. पुढील छत्रपतींनी आणि पेशव्यांच्या अमदानीतील टांकसाळींनी हीच अक्षरे ठेवून शिवराया पाडल्या, आणि एकोणिसाव्या शतकातही त्या बाजारात फिरत होत्या. अक्षरांचे वळण, चंद्रकोर, बिंदू, असल्या बारीक खुणा पाहूनच त्यांचे वर्ग पाडावे लागतात. उद्या सर्व कागदपत्रे नष्ट झाली आणि केवळ शिवराया उरल्या, तर त्या सर्व एकाच राजाने रायगडावर पाडल्या असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही. तथापि ते विधान चुकीचेच ठरेल. हत्ती आणि उज्जयिनी-चिन्ह ही जोडीही अशीच लोकांच्या हातात बसलेली छाप असली पाहिजे. राजे बदलले, छाप बदलली नाही. तेव्हा छाप राजाची नसून बाजाराची होती असे म्हणणे अधिक युक्त दिसते. ती एका घरात तयार होत होती की चार घरांत, हे छाप सांगू शकणार नाही.

घर हा शब्द येथे सहेतुक योजला आहे. टांकसाळ म्हटले की आधुनिक वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या टांकसाळीसारखी दगडी इमारत, दारावरचा पहारा आणि वाफेची यंत्रे उभी राहतात. आपल्याकडची टांकसाळ बहुधा अशी नसे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ साली मराठ्यांच्या चलनांविषयी व टांकसाळींविषयी जो निबंध लिहिला, त्यात पेशव्यांच्या दप्तरातील सनदांच्या आधारे या धंद्याचे चित्र दिले आहे. १७४४ साली नागोठण्याच्या बाळाजी बापूजीला, आणि तसाच रेवदंड्याच्या दातारांना, तांब्याचे पैसे पाडण्याचा परवाना मिळाला. पैशाचे वजन १० मासे असावे अशी अट होती, आणि सरकारात ठराविक रक्कम भरावयाची होती. १७५३ साली धारवाडकडील खाजगी टांकसाळी बंद करून पांडुरंग मुरार याच्याकडे एकत्र टांकसाळ सोपविली गेली, तेव्हा दर हजारी ७ नाणी घ्यावी, त्यांपैकी ६ सरकारची आणि १ पांडुरंग मुराराची, असा करार झाला. या सनदांत राजा पुष्कळ दूर आहे. तो वजन ठरवितो, कस ठरवितो, आपला वाटा घेतो. भाता फुंकणारा, मूस धरणारा आणि हातोडा मारणारा माणूस आपल्या वाड्याच्या पडवीत किंवा मागील अंगणात बसलेला आहे. टांकसाळे, पोतदार, पारखी, सराफ ही आडनावे महाराष्ट्राच्या गावोगावी आढळतात. नाण्याचा व्यवहार किती घरांतून चालत असे याची ती साक्ष आहे.

सातवाहनकाळी व्यवस्था अगदी अशीच होती असे सनदांच्या आधारे म्हणता येणार नाही. मध्ये पंधराशे वर्षांचे अंतर आहे. परंतु कौटिलीय अर्थशास्त्रात जे सांगितले आहे ते या चित्राशी विसंगत नाही. नाणी पाडून घेणाऱ्या अधिकाऱ्यास तेथे लक्षणाध्यक्ष म्हटले आहे, आणि पारख करणाऱ्यास रूपदर्शक. विशेष म्हणजे लक्षणाध्यक्षाची कामे दुसऱ्या अधिकरणात खाणींच्या अध्यायात येतात. खाण, धातू गाळण्याचे कारखाने आणि नाणे ही ग्रंथकर्त्याच्या दृष्टीने एकाच मालिकेतील पदे आहेत. पण टांकसाळीचा माग काढू इच्छिणाऱ्या संशोधकाने वाचावा तो अध्याय हा नव्हे. तो चौथ्या अधिकरणात आहे, आणि त्याचा विषय गुप्तपणे उपजीविका करणाऱ्या लोकांवर पाळत ठेवणे हा आहे. खोटी नाणी पाडणारा कसा ओळखावा याच्या खुणा तेथे दिल्या आहेत. जो माणूस निरनिराळ्या धातू व क्षार, कोळसा, भाते, सांडशी, ऐरण, ठसे आणि मुशी वारंवार विकत घेतो, ज्याचे हात व वस्त्रे काजळी, राख व धूर यांनी माखलेली असतात, आणि ज्याच्या घरी लोहाराची हत्यारे जमलेली दिसतात, त्याच्यावर संशय घ्यावा असा त्याचा आशय. गुप्तहेरासाठी केलेली ही यादी पुरातत्त्वज्ञालाही तितकीच उपयोगी आहे. कापड कुजते, काजळी धुऊन जाते. पण मुशीचे तुकडे, कोळसा, धातूची मळी आणि भाजलेल्या मातीचे साचे दोन हजार वर्षे जमिनीत टिकतात.

अशा यादीच्या साहाय्याने नाणेकाराचे घर खरोखर सापडू शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रोहतकचे आहे, आणि ते सापडले एका वनस्पतिशास्त्रज्ञाला. लखनौ विद्यापीठातील प्राध्यापक डॉ. बिरबल साहनी यांना १९३६ साली रोहतकजवळच्या खोखराकोट नावाच्या टेकाडावर मातीच्या साच्यांचे तुकडे मिळाले. जीवाश्मांचे ठसे वाचण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना मातीतला नाण्याचा ठसा ओळखणे जड गेले नाही. साच्यांवर यौधेय गणाच्या नाण्यांची अक्षरे उलटी उमटलेली होती. साहनींनी ते तुकडे गोळा करून कारागिराची सारी कृती उभी केली. मातीच्या चकत्यांवर मधल्या भोकाभोवती नाण्यांचे खळगे आणि त्यांना जोडणाऱ्या चऱ्या असत. अशा चकत्या एकीवर एक रचून त्यांना बाहेरून मातीचा लेप देत, आणि मधल्या भोकातून वितळलेली धातू ओतली की ती चऱ्यांतून प्रत्येक खळग्यात पोचे. धातू निवाली की साचा फोडावा लागे. प्राचीन भारतातील नाणी ओतण्याच्या तंत्रावरील त्यांचा ग्रंथ १९४५ साली नाणकपरिषदेने प्रसिद्ध केला. साचा एकदाच उपयोगी पडतो आणि मग फुटतो, म्हणूनच तो मुबलक सापडतो. नाणी जगभर पांगतात. फुटके साचे मात्र त्याच अंगणात राहतात. यौधेयांच्या नाण्यांवर बहुधान्यक हे प्रदेशनाम आहे आणि महाभारतात रोहीतक व बहुधान्यक यांचा एकत्र उल्लेख येतो. साच्यांनी त्या उल्लेखाला जमिनीचा आधार दिला.

सातवाहनांच्या राज्यातही असे स्थळ उजेडात आले आहे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील, आजच्या तेलंगणातील, कोंडापूर येथे त्या संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने १९४० नंतरच्या एकदोन वर्षांत उत्खनन केले. तेथे सातवाहन नाण्यांच्या जोडीला नाणी ओतण्याचे मातीचे साचे व मुशी मिळाल्या, आणि नाणी पाडण्याचा धंदा त्या नगरात चालत होता हे स्पष्ट झाले. कोंडापूरच्या साच्यांनी एक अडचणही दाखवून दिली आहे. काही साचे आहत नाण्यांचे, म्हणजे मूळच्या ठोकून केलेल्या नाण्यांचे, आहेत. ठोकीव नाणे मातीत दाबून त्याचा साचा करणे हे राजाज्ञेने जुने चलन पुन्हा काढणाऱ्या टांकसाळीचे काम असू शकते आणि कूटरूपकाराचेही असू शकते. कौटिल्याची यादी दोघांनाही सारखीच लागू पडते. किंबहुना ती मूळची दुसऱ्यासाठीच आहे. एखाद्या आडबाजूच्या घरात चारदोन साचे मिळाले तर संशय घ्यावा. नगराच्या मध्यभागी, वर्षानुवर्षांच्या थरांतून, मळी व मुशींच्या ढिगासह ते मिळाले तर ती टांकसाळ मानावी, हा निकष व्यवहारात पुरेसा आहे. ठोकून केलेल्या नाण्यांच्या टांकसाळीचा माग काढणे याहून कठीण, कारण तेथे फोडलेले साचे उरत नाहीत आणि लोखंडी वा कांस्याचे ठसे निरुपयोगी झाल्यावर मोडून पुन्हा वितळविले जातात. तेथे न ठोकलेल्या कोऱ्या चकत्या आणि कापलेल्या धातूच्या कडा यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आता तऱ्हाळ्याकडे वळावयाचे तर प्रथम जमीन पाहिली पाहिजे. वाशीम जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे लाव्हारसाच्या थरांवर, वसलेला आहे. या दगडात तांबे नाही, कथील नाही, शिसे नाही. विदर्भाच्या पूर्व भागात, चंद्रपूर, नागपूर व भंडारा या जिल्ह्यांत, जुने खडक वर येतात आणि तेथे धातू आढळतात. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथे तांब्याचे खनिज आहे, आणि नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टीच उत्खननात मिळाली. पण कथलाचे काय? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील, पेरिप्लस नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत तांबे, कथील व शिसे ही तिन्ही नावे येतात. त्याच ग्रंथात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, अशी मजलीची नोंद आहे. हिंदुस्थानात तांबे व शिसे नाही आणि ते लोक त्यासाठी रत्ने व मोती देतात, असे प्लिनीनेही लिहून ठेवले आहे. त्याचे विधान अक्षरशः खरे नाही, पण आयातीचा व्यापार खरा होता. पोटीन ओतणाऱ्या वैदर्भी कारागिराच्या मुशीत घाटावरून बैलाच्या पाठीवर आलेली धातू पडत होती असे समजावयास या नोंदींवरून जागा आहे.

यामुळे त्याचे घर खाणीपाशी शोधण्याचे कारण उरत नाही. खाण आणि टांकसाळ एकमेकींना बिलगून असतात ते एकच धातू जागच्या जागी मिळत असेल तेव्हा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात रदरफर्डटन या गावाच्या आसपास सोन्याच्या खाणी होत्या. तेथे १८३० साली आलेल्या ख्रिस्तोफर बेक्टलर नावाच्या जर्मन सोनाराने पुढील वर्षापासून खाणकऱ्यांनी आणलेल्या सोन्याची नाणी पाडण्यास प्रारंभ केला. तेथील सरकारने सोन्याचा डॉलर १८४९ साली काढला, त्याच्या कितीतरी आधी बेक्टलरचा डॉलर बाजारात होता. त्या नाण्यांवर त्याचे नाव, परगण्याचे नाव आणि सोन्याचा कस कोरलेला असे, म्हणून त्याच्या टांकसाळीची जागा शोधणाऱ्यांना पहिली दिशा नाण्यानेच दिली. तऱ्हाळ्याच्या नाणेकाराने आपले नाव घातले नाही, गावाचे घातले नाही. राजाचे तेवढे घातले. आणि त्याला एक नव्हे, तीन धातू हव्या होत्या. तीन धातू जेथे एकत्र येतात ते ठिकाण खाण नसते. ती पेठ असते.

विदर्भातील सातवाहनकालीन पेठा आता बऱ्याच परिचयाच्या झाल्या आहेत. वर्धेच्या काठी, अमरावती जिल्ह्यात, कौंडिण्यपूर आहे, डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे १९६० नंतरच्या दशकात उत्खनन केले. धाम नदीवरील पवनार १९६७ साली डॉ. शां. भा. देव व डॉ. ढवळीकर यांनी खणले. वैनगंगेवरील पवनी १९६९-७० मध्ये डॉ. देव व श्री. जोशी यांनी. ही तिन्ही स्थळे पाण्याच्या वाटेवर असून तिन्ही ठिकाणी सातवाहनकाळाची वस्ती भरभराटीची होती. चांद्याच्या नाण्यांचा विचार करता वैनगंगा व वर्धा यांच्यामधील प्रदेशाचे पारडे जड वाटते. राज्याचे केंद्र तेथे असेल तर तऱ्हाळा हे चलनाच्या पश्चिम सीमेवरील गाव ठरते, आणि नाण्यांचा हंडा पुरणारा मनुष्य पैठणच्या वाटेवरचा व्यापारी असावा हे संभवनीय ठरते.

दुसरा पक्षही आहे, आणि तो सहज बाजूला सारता येण्यासारखा नाही. तऱ्हाळ्यापासून जवळ असलेले मोठे प्राचीन नगर म्हणजे वत्सगुल्म, आजचे वाशीम. वाकाटकांनी ते राजधानी म्हणून निवडले ते ओसाड माळ पाहून नव्हे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख आहे, आणि राजशेखराने तर काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावून दिला आहे. कवीच्या कल्पनेला ज्या नगराचे नाव इतके सहज सुचते त्याला काही पूर्वपरंपरा असणारच. सातवाहनांच्या अखेरच्या काळात ते पेठेचे गाव असेल, तर कर्ण व कुंभ यांची नाणी तेथील एखाद्या सोनाराच्या पडवीत पडली आणि फार दूर न जाता तऱ्हाळ्याच्या हंड्यात विसावली, असेही म्हणता येईल. वाकाटकांची म्हणून निःशंकपणे ओळखता येतील अशी नाणी फारच थोडी आहेत. सातवाहनांचे पोटीनचे नाणे त्यांच्या राज्यातही काही काळ चालत राहिले असावे आणि नवी नाणी पाडण्याची निकड त्यांना भासली नसावी, हा विचार या पक्षाला थोडा आधार देतो. पण वाशीमची जुनी वस्ती आजच्या गावाच्या पोटात आहे. राहत्या घरांच्या खाली खणता येत नाही, आणि पांढरीची माती शेतात टाकण्याच्या आपल्या जुन्या वहिवाटीने अशा गावांचे किती साचे शेतात पोचले असतील ते सांगवत नाही.

दोन्ही पक्षांचा निवाडा करण्यासाठी नवे उत्खननच हवे असे नाही. एकाच ठशातून वा एकाच मूळ साच्यातून निघालेली नाणी सूक्ष्म तुलनेने ओळखता येतात. हत्तीच्या पायाचा बाक, एखाद्या अक्षराची तुटलेली मात्रा, वर्तुळांतील अंतर, यांत कारागिराचा हात उमटलेला असतो. पाश्चात्य नाणकशास्त्राने ग्रीक नगरांच्या टांकसाळींचा क्रम अशाच ठसेसाखळ्यांनी लावला. चांदा व तऱ्हाळा येथील कर्ण सातकर्णीची नाणी या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. एकाच ठशाची नाणी दोन्हीकडे निघाली तर दोन्हींचे घर एक, आणि कर्णाची सत्ता वैनगंगेपासून वाशीमपर्यंत एकसंध. ठसे वेगळे आणि हातही वेगळे निघाले तर पूर्वेस एक आणि पश्चिमेस एक अशी निदान दोन घरे मानावी लागतील. आणि मग कुंभ, कर्ण व शक हे एकामागून एक राज्य करणारे राजे की एकाच वेळी दोन पेठांत आपापले नाणे पाडणारे भाऊबंद, हा प्रश्न पुन्हा उभा राहील. धातूंच्या रासायनिक पृथक्करणाचीही येथे मदत होईल. शिशाच्या समस्थानिकांवरून ते कोणत्या खाणीतून आले याचा अंदाज आता करता येतो, आणि दोन घरांनी धातू एकाच व्यापाऱ्याकडून घेतली होती की नाही हेही त्यावरून तपासता येईल. शक सातकर्णीची नाणी निधीत मोजकीच आहेत. आरंभ तेथून करावा हे सोयीचे, कारण थोड्या नाण्यांमागे ठसेही थोडेच असतात.